झाकलेली नावं

"दादा, तिथे शिरा निळ्या नसतात रे."

बहिणीचा हा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. ती बीएएमएसच्या पहिल्या वर्षाला आहे. रचना शारीर आणि क्रिया शारीर, म्हणजे बाकी जग ज्याला अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी म्हणतं ते दोन विषय, पहिल्याच वर्षी येतात. पहिल्या टर्मची प्रॅक्टिकल देऊन ती नुकतीच बाहेर पडली होती. स्पॉटिंग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हॉलमध्ये टेबलांची रांग असते. प्रत्येक टेबलावर एखादं हाड, एखादा अवयव किंवा मृतदेहाचा उघडलेला भाग, आणि त्यातल्या एका जागी टाचणी टोचलेली. टाचणी कशात आहे ते ओळखायचं, लिहायचं, बेल वाजली की पुढच्या टेबलावर जायचं. मागे वळून बघायची सोय नाही. बहिणीच्या म्हणण्यानुसार तिसऱ्या बेलला तिचे हात गार पडले आणि मग निम्म्या टेबलांवर तिनं जे सुचेल ते लिहिलं.

ह्यात माझा थेट हात होता. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला घरातला कुठलाही प्रश्न हा सॉफ्टवेअरचा प्रश्न वाटतो. मी तिला अँकी हे अ‍ॅप बसवून दिलं होतं आणि दोन शनिवार-रविवार घालवून अ‍ॅटलासमधल्या चित्रांची कार्डं बनवली होती. चित्रातलं प्रत्येक नाव एका चौकोनानं झाकायचं. कार्ड समोर आलं की नाव आठवायचं, बोट लावलं की चौकोन उघडतो. बसमध्ये, मेसच्या रांगेत, झोपताना, ती फोनवर हीच कार्डं करत होती. अ‍ॅप तिला शाबासकी देत होतं. आणि हॉलमध्ये गेल्यावर कळलं की तिला ओळखू येत होती ती माझी कार्डं. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या देहात धमनी लाल नसते, शीर निळी नसते, नस पिवळी नसते. सगळं एकाच मातकट रंगाचं असतं, आणि कुठल्याच धाग्याला लेबल नसतं.

त्या रात्री अपराधी वाटून मी वाचत बसलो. लोक हा विषय आधी कसा पाठ करत असत? कार्डं नव्हती, अ‍ॅप नव्हतं, छापील चित्रंसुद्धा नव्हती, तेव्हा? वाचता वाचता लक्षात आलं की ह्या सगळ्या इतिहासात एकच कटकट पुन्हा पुन्हा येते. वस्तू आणि तिचं नाव एकमेकांपासून किती लांब ठेवायचं?

मध्ययुगातल्या इटलीतल्या विद्यापीठांमध्ये हे अंतर अक्षरशः मोजता आलं असतं. प्राध्यापक उंच आसनावर बसून गेलेनच्या परंपरेतला ग्रंथ वाचायचा. खाली एक न्हावी-शल्यक देह कापायचा. त्या दोघांच्या मधे तिसरा माणूस, हातात काठी, तो वाचलेल्या नावाची वस्तू दाखवायचा. नाव एकाच्या तोंडी, वस्तू दुसऱ्याच्या हाती, आणि दोघांना जोडणारी काठी तिसऱ्याकडे. विद्यार्थी हे लांबून बघणार. ग्रंथात आणि देहात फरक दिसला तर चूक देहाची. गेलेननं प्रामुख्यानं माकडं, डुकरं असे प्राणी कापले होते, माणसं नव्हेत. पण शेकडो वर्षं माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा आहे असं वाचलं जात होतं आणि समोर एकच हाड दिसत होतं.

हे अंतर मिटवायला निघालेला आंद्रेआस व्हेसालिअस विद्यार्थी म्हणून पॅरिसला होता तेव्हा विशीही त्यानं जेमतेम गाठली होती. वर्गात देह क्वचित मिळायचा, आणि तोही लांबून बघायला. मग हा मित्रांबरोबर 'इनोसंट्स'च्या दफनभूमीत जायचा, जिथे जुन्या कबरींतली हाडं काढून रचून ठेवलेली असत. तिथे त्यांनी एक खेळ काढला. डोळ्यांवर पट्टी बांधायची, ढिगातलं कुठलंही हाड हातात द्यायचं, नुसत्या स्पर्शानं ओळखायचं. पैजा लावायचे. हे त्यानं स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. गुरूंकडून शिकण्यासारखं फार नव्हतं म्हणून आम्हाला असं शिकावं लागलं, अशा सुरात. पुढे लूव्हँजवळ फाशी दिलेल्या एका माणसाचा सांगाडा त्यानं चोरून घरी आणला आणि जोडला. माझ्या बहिणीनं सीनियरकडून विकत घेतलेला बोन सेट घरी आणला तेव्हा आईनं तो देवघरापासून लांब, वरच्या माळ्यावर ठेवायला लावला होता. व्हेसालिअसच्या आईचं काय म्हणणं होतं देव जाणे.

१५४३ साली बाझेलमध्ये त्याचा 'फॅब्रिका' हा ग्रंथ छापला गेला. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. (हे वाचल्यावर मी पाच मिनिटं स्वतःच्या करिअरचा विचार केला, मग सोडून दिला.) ग्रंथातली चित्रं आजही बघून थक्क व्हायला होतं. कातडी सोललेली माणसं डोंगरदऱ्यांसमोर उभी आहेत, एक सांगाडा कबरीवर कोपर टेकून विचारात पडला आहे. पण अभ्यासाला बसलेल्या माणसाच्या दृष्टीनं त्यात एक गोची होती. चित्राच्या सौंदर्याला बाधा नको म्हणून अवयवांवर नावं नाहीत, बारीक अक्षरं आहेत. एखादा 'क्यू' कुठेतरी स्नायूंच्या सावलीत दडलेला. तो शोधायचा, मग सूचीत जाऊन 'क्यू' म्हणजे काय ते बघायचं, मग पुन्हा चित्रात. म्हणजे काठीवाला माणूस गेला, पण त्याचं काम वाचणाऱ्याच्या बोटावर आलं. व्हेसालिअसला विद्यार्थ्यांची कल्पना होती, म्हणून त्यानं त्याच वर्षी 'एपिटोमी' नावाची छोटी, स्वस्त आवृत्ती काढली. तिच्यातली काही पानं कात्रीनं कापायची होती. अवयव कापून काढायचे आणि कागदी माणसावर एकावर एक चिकटवायचे.

बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे ह्याच्या आधीचं आहे." बरोबर आहे. तिच्या अभ्यासक्रमात सुश्रुतसंहितेचं शारीरस्थान असतं आणि त्यात देह बघायची रीत दिली आहे. देह गवत-वाखानं गुंडाळायचा, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडबाजूला ठेवायचा, सात रात्रींनंतर काढायचा आणि वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंच्यानं हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर सोडवत डोळ्यांनी बघायचं. सुरी नाही. आणि त्याला जोडून हेही सांगितलं आहे की डोळ्यांनी पाहिलेलं आणि शास्त्रात वाचलेलं, दोन्ही एकत्र आलं तरच ज्ञान वाढतं. तिच्या पिढीला ह्यातून आलेला ताप असा की प्रत्येक गोष्टीची दोन नावं पाठ करावी लागतात. अक्षक आणि क्लॅव्हिकल. अंसफलक आणि स्कॅप्युला. सुश्रुताची हाडं तीनशे, चरकाची तीनशे साठ, आधुनिक दोनशे सहा, आणि व्हायवाला तिन्ही आकडे त्यांच्या कारणांसह विचारतात.

आता ज्या माणसासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येतो.

१८५५च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधला हेन्री ग्रे हा महत्त्वाकांक्षी शल्यचिकित्सक आपल्या एका सहकाऱ्याकडे प्रस्ताव घेऊन गेला. विद्यार्थ्यांसाठी शरीररचनेचं एक नवं पुस्तक करू. मजकूर माझा, चित्रं तुझी. सहकाऱ्याचं नाव हेन्री व्हँडाइक कार्टर. जन्म १८३१चा, हल शहरातला. बाप चित्रकार, मुलाच्या नावात 'व्हँडाइक' तिथूनच आलं. कार्टर स्वतः डॉक्टर होत होता, पण त्याच्याकडे पैसे नव्हते. चित्रं काढून तो शिक्षणाचा खर्च भागवायचा. रोजनिशी लिहायचा, आणि तिच्यात स्वतःवर सतत नाराज असायचा.

दोघांनी मिळून सुमारे दीड वर्ष देह कापले. देह कुणाचे? वर्कहाउसमध्ये, हॉस्पिटलात मेलेल्या आणि कुणी न्यायला न आलेल्या गरिबांचे. १८२८मध्ये एडिंबरामध्ये बर्क आणि हेअर ह्या दोघांनी माणसं मारून त्यांचे देह शिकवणीला विकल्याचं उघड झालं, त्यानंतर १८३२ला ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि बेवारस देह कायदेशीरपणे मिळायला लागले. त्या पुस्तकात शरीरातल्या प्रत्येक धाग्याला नाव आहे. ज्यांची ती शरीरं होती त्यांच्यापैकी कुणाचंही नाव नाही.

कार्टरनं जे केलं ते वरवर फार साधं दिसतं. त्या काळी विद्यार्थ्यांच्या हातात असलेल्या पुस्तकांतली चित्रं लहान असत, आणि त्यांत बारीक आकडे किंवा अक्षरं घालून खाली खुलासा दिलेला असे. कार्टरनं नाव थेट अवयवावर लिहिलं. धमनी जशी वळते तसं तिचं नाव वळतं. स्नायूचं नाव स्नायूच्या धाग्यांवरून जातं. नकाशात नदीचं नाव नदीच्या कडेनं वाहत जातं ना, तसं. बघायचं आणि वाचायचं एकाच नजरेत. काठी गेली, सूची गेली, बोटाची ये-जा गेली. मी रोज युजर इंटरफेस ह्या नावाखाली जे करतो त्यातलं हे मला सर्वांत सुंदर उदाहरण वाटतं, आणि ते लाकडावर कोरलेलं आहे. छपाई लाकडी ठोकळ्यांवरून व्हायची, म्हणून चित्र उलटं काढायचं, नावंही उलटी. ठोकळे तयार झाल्यावर लक्षात आलं की चित्रं ठरलेल्या पानाच्या मानानं मोठी झाली आहेत. ती तशीच घेतली गेली, आणि पानापानावर मोठी, स्वच्छ चित्रं आली. विद्यार्थ्यांना नेमकं तेच हवं होतं.

१८५८च्या ऑगस्टमध्ये पुस्तक आलं. साडेसातशे पानं, ३६३ चित्रं. मुखपृष्ठाच्या प्रुफावर दोन्ही नावं सारख्या आकारात होती. ग्रेनं कार्टरच्या नावाचा टाइप लहान करायला सांगितला. ग्रेला हजार प्रतींमागे दीडशे पौंड रॉयल्टी होती. कार्टरला एकदाच दीडशे पौंड. आणि पुस्तक बाहेर आलं तेव्हा कार्टर तिथे नव्हताच. तो मुंबईत होता.

हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. १८५८च्या सुरुवातीलाच तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन इकडे आला होता. भायखळ्याला जेजे हॉस्पिटलच्या आवारात ग्रँट मेडिकल कॉलेज आहे, १८४५चं. तिथे तो अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचा प्राध्यापक झाला. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध शरीररचनेच्या पुस्तकातली चित्रं ज्यानं काढली तो माणूस मुंबईच्या पोरांना हाडं ओळखायला शिकवत होता, व्हायवा घेत असणार. आणि १८६०च्या दशकात त्याची बदली सिव्हिल सर्जन म्हणून कुठे झाली? साताऱ्याला. आमच्या साताऱ्याला. बरीच वर्षं तो तिथे होता. मी बारावीपर्यंत साताऱ्यात शिकलो, बहिणीचं सगळं शालेय शिक्षण तिथलं, आणि हे नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

इथे आल्यावर त्यानं चित्रांपेक्षा रोगांवर काम केलं. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाला होणाऱ्या मायसेटोमावर १८७४चं पुस्तक, कुष्ठरोगावर मोठं काम, उलटून येणाऱ्या तापाच्या जंतूंवर काम. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजचा प्रमुखही झाला. १८८८ला निवृत्त होऊन इंग्लंडला गेला, १८९७ला क्षयानं वारला. ग्रे त्याच्या कितीतरी आधी, १८६१मध्येच, चौतिसाव्या वर्षी देवीच्या रोगानं गेला होता. पुस्तक मात्र एकट्या ग्रेच्या नावानं चालत राहिलं, अजूनही चालतं. ज्यानं प्रत्येक अवयवावर नाव लिहिलं त्याचं स्वतःचं नाव पुस्तकाच्या नावातून गळलं. मला ह्या गोष्टीचा राग येतो. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही येईल. डेमो कोण देतो आणि कोड कोण लिहितो हे आम्ही रोज बघतो.

पण कार्टरनं नाव इतकं जवळ आणून ठेवल्यावर एक नवीन अडचण झाली. चित्र बघताना सगळं येतंय असं वाटायला लागलं. नाव समोरच आहे, डोळा ते वाचतो, मेंदू म्हणतो हो हो माहितीये. हे 'माहितीये' किती पोकळ असतं ते जर्मनीत हेर्मान एबिंगहाउसनं १८८५मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. निरर्थक अक्षरं पाठ करायची, किती वेळानं किती विसरलो ते मोजायचं. पहिल्या काही तासांतच अर्ध्याहून जास्त गळतं, मग गळती मंदावते. शिवाय तोच अभ्यास एका दमात करण्यापेक्षा दिवसांमध्ये पसरला तर कमी कष्टांत टिकतो, हेही त्यानंच मोजलं. २००६मध्ये रोडिगर आणि कार्पिकी ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक साधा प्रयोग केला. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून पुस्तक मिटून आठवलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर आठवणारे पुढे होते. परीक्षेच्या आदल्या रात्री जर्नल चाळताना येणारा तो छान आत्मविश्वास म्हणजे ती पाच मिनिटं.

मग नावं पुन्हा झाकायची वेळ आली. १९७२मध्ये झेबास्टियान लाइटनर ह्या जर्मन लेखकानं कार्डांचा डबा सुचवला. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं पहिल्या कप्प्यात परत. १९८७मध्ये पोलंडमधल्या प्योत्र वोझ्नियाक ह्या विद्यार्थ्यानं तेच काम संगणकाकडून करून घेतलं. त्याचं सूत्र माझ्यासारख्याला कविता वाटतं. पहिली उजळणी एका दिवसानं, दुसरी सहा दिवसांनी, नंतर प्रत्येक वेळी आधीचं अंतर गुणिले एक आकडा. आकडा अडीचपासून सुरू होतो, कार्ड अवघड गेलं की कमी होतो, १.३च्या खाली जात नाही. अँकीची सुरुवात ह्याच सूत्रावर झाली. डेमियन एल्म्स ह्यानं ते जपानी शिकण्यासाठी २००६मध्ये बनवलं, आणि जगभरच्या मेडिकलच्या मुलांनी ते उचललं.

माझी चूक ह्या सूत्रात नव्हती. चूक अशी होती की मी नाव झाकलं, पण चित्र तेच ठेवलं. तोच कोन, तेच रंग, तोच चौकोन तिथेच. बहीण चौकोनाची जागा पाठ करत होती. आमच्या भाषेत सांगायचं तर मॉडेल ट्रेनिंगच्या डेटावर घोटून तयार झालं आणि खऱ्या डेटावर आपटलं. मी हे रोज दुसऱ्यांना सांगतो.

फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला तर कार्डांचा उपयोग आणखीच कमी. सालीच्या नळीत हिमोग्लोबिन बघायचं तर आधी अ‍ॅसिड, मग वीस क्युबिक मिलिमीटर रक्त, दहा मिनिटं थांबणं, मग डिस्टिल्ड वॉटर थेंब थेंब घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवणं. क्रम पाठ होतो, पण कुठल्या थेंबाला थांबायचं ते डोळ्यालाच कळावं लागतं. पिपेटमध्ये हवेचा बुडबुडा आला तर कार्ड काय करणार?

दुसऱ्या टर्मच्या आधी बहिणीनं पद्धत बदलली. माझं फारसं काही न ऐकता, हे सांगायला हवं. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी संध्याकाळी हॉल उघडा असेल तेवढा वेळ थांबायला लागल्या. एकीनं टाचण्या लावायच्या, दोघींनी फिरायचं, फोनवर एक मिनिटाचा टायमर. धमनी आणि शीर रंगानं नाही, चिमटीत धरून ओळखायची. धमनीची भिंत जाड लागते, शीर चपटी पडते, नस दोरीसारखी भरीव. टाचणीवाली मुद्दाम देहाच्या पायाकडून उभं राहायला लावायची, म्हणजे सगळं उलटं दिसेल. कार्डं तिनं टाकली नाहीत, पण आता ती नावांपुरती. आणि दर वेळी ओळखल्यावर 'कशावरून' ते मोठ्यानं सांगायचं असा नियम. टेबलावरच्या देहाला नाव नव्हतं, एक क्रमांक होता. वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांना त्याच्यासमोर उभं करून शपथ दिली होती, ते तिनं मला पहिल्यांदा तेव्हा सांगितलं.

परीक्षेच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा मीही साताऱ्याला होतो. मी तिला व्हेसालिअसची गोष्ट सांगितली. तिनं माळ्यावरून बोन सेट काढला, आईकडून बाजाराची कापडी पिशवी घेतली, हाडं आत टाकली आणि म्हणाली, "बांध पट्टी."

मी तिची ओढणी तिच्या डोळ्यांना बांधली. ती पिशवीत हात घालून एकेक काढायला लागली. "अक्षक. हे टोक चपटं, म्हणजे बाहेरचं. हे जाड, आतलं. फुगवटा पुढे, खोबण खाली... उजवं." बरोबर. मी कागदावर बरोबरच्या खुणा करत होतो. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. हाडांना हात लावणार नाही म्हणाली, पण आत गेली नाही.

मग गुडघ्याची वाटी आली. लहानसं, गोलसर हाड. ते तिनं दोन्ही हातांत फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. "पटेला आहे. बाजू कळत नाहीये." मी काही बोललो नाही. तिनं चाचपत वाटीचं टोक शोधलं, ते स्वतःपासून लांबच्या दिशेला केलं, मागची बाजू खाली करून हाड टेबलावर ठेवलं आणि हात सोडला. बाहेरच्या बाजूचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे वाटी ज्या पायाची त्या बाजूला कलंडते. टक्क असा बारीक आवाज झाला. तिनं बोटानं बघितलं.

"डावा," ती म्हणाली, आणि पिशवीत परत हात घातला.